चालणं राहू द्या, आधी उजवी मूठ बघा

बीड जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. चार पानांचं आहे, त्यातला मुख्य भाग थोडा आटोपता करून देते.

"ताई, माझं लेकरू सोळा महिन्यांचं झालं, अजून पाऊल टाकत नाही. आम्ही नवराबायको ऊस तोडायला कोयत्यावर जातो. गेल्या वर्षी हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडायला आला होता आणि उसाच्या फडातच कळा सुरू झाल्या. सातवा सरून आठवा लागला होता. दोन महिने आधीच झालं लेकरू. वजन दीड किलो, रडलंही उशिरा. अठरा दिवस काचेच्या पेटीत होतं. नंतर दिवाळीला आम्ही परत तोडीला गेलो तेव्हा ते गावात आत्याबाईंपाशीच, माझ्या सासूबाईंपाशीच होतं. आता धरून उभं राहतं, सरकत सरकत रांगतं, उजवा पाय मागं ओढल्यासारखा करतं, पण चालत नाही. त्याच्या बरोबरीची गल्लीतली लेकरं पळायला लागली. आत्याबाई म्हणतात, याचा बापही दोन वर्षांचा होऊन चालला. जाऊबाई म्हणतात, वॉकर आणा. डॉक्टरनी बुद्धीचं टॉनिक दिलं, तीन बाटल्या झाल्या. लेकरू हुशार आहे, मामा म्हणतं, आबा म्हणतं. डावखुरं आहे, सगळं डाव्या हातानंच घेतं. आत्याबाई जेवताना तो हात पदरात गुंडाळून धरतात, तर उजव्यानं घ्यायचं सोडून तोंडच ताटाकडं नेतं. शेजारणी म्हणतात, मी ग्रहणात विळी धरली. मी तर शेवटपर्यंत मोळ्या वाहिल्या, त्याचं तर हे नाही ना? दिवाळीनंतर पुन्हा जायचं आहे, आगाऊ पैशांची उचल घेऊन झालीय. लेकरू चालेल का?"

ताई, चार पानांपैकी साडेतीन पानं तुम्ही पायांवर लिहिलीत. मी मात्र हातावरची ती दोन वाक्यं तीन वेळा वाचली. आधी पायांचं बोलून घेऊ, कारण तुमची झोप त्यांनी उडवलीय.

लेकरू दोन महिने आधी जन्मलं. म्हणजे जी वाढ पोटात व्हायची ती पेटीत झाली. अशा लेकराचं वय दोन वर्षांचं होईपर्यंत जन्मतारखेवरून धरायचं नसतं, जितके दिवस ते आधी आलं तितके त्यातून वजा करायचे असतात. तुमचं लेकरू सोळा महिन्यांचं नाही, चौदा महिन्यांचं आहे. गल्लीतली लेकरं नऊ महिने भरून आलेली, त्यांच्याशी तुलना लावलीत तर दर महिन्याला तुम्हीच हराल. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतली निरोगी, पूर्ण दिवसांची लेकरं महिनोन् महिने बघून २००६ साली वयाची मोजपट्टी छापली. तिच्यात कशाचाही आधार न घेता चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका लांबरुंद आहे. शंभरातली चार लेकरं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, सरळ उभी राहून चालली. तेव्हा चौदा महिन्यांच्या वयाला "चालत नाही" एवढ्या एका गोष्टीवरून घाबरायचं कारण नाही. असं वजा करून अठरा महिने वय भरलं आणि तरी चालत नसलं, तर मात्र कोणाचंही न ऐकता दाखवायचं.

इथंच थांबले असते, तुमच्या पत्रात हात नसता तर.

वर्षाच्या आत लेकराला डावं-उजवं नसतं. जो हात वस्तूच्या जवळ, तो पुढं जातो. डावखुरेपणा खरा असेल तर तो हळूहळू, दोन-तीन वर्षांचं होता होता ठरत जातो. शिवाय खऱ्या डावखुऱ्याचा उजवा हात काही झोपलेला नसतो. त्याचा डावा धरून ठेवा, ते चिडेल, पण उजव्यानं घास ओढेलच, वेडावाकडा का होईना. तुमचं लेकरू तोंड ताटाकडं नेतंय. समोर घास आहे, भूक आहे, उजवा हात मोकळा आहे, आणि तरी तो हात वापरायचा विचारसुद्धा त्याला सुचत नाही. त्यात उजवा पाय ओढणं. दोन्ही गोष्टी एकाच बाजूच्या आहेत.

तुमच्या आत्याबाईंवर रागावू नका. डाव्या हाताचा घास अशुभ म्हणून त्यांनी तो गुंडाळला, ते चुकलं. पण टॉनिक लिहून देणाऱ्याला जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं होतं, आणि तुम्ही फडात असताना ते पाच महिने लेकराला त्यांनीच बघितलंय. म्हणून आधी त्यांनाच विचारा: हे डाव्या हाताचं कधीपासून? बसायला लागलं तेव्हापासून का? मूठ कधी उघडायला लागली? दवाखान्यात याच गोष्टी विचारतील आणि उत्तरं त्यांच्यापाशी आहेत.

आता घरी एक गंमत करून बघा. लेकराचं पोट भरलेलं, झोप झालेली, अशा वेळी त्याला मांडी घालून जमिनीवर बसवा आणि समोर, जरा उजव्या अंगाला, भाकरीचा बारकासा तुकडा ठेवा. ज्वारीचे दाणे, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. निरोगी लेकरू सहा-सात महिन्यांचं असताना असा तुकडा आख्ख्या पंजानं खरवडून ओढतं, आपण अंगणातलं धान्य गोळा करतो तसं. नऊ-दहाचं झालं की पहिलं बोट आणि अंगठा यांच्या चिमटीत अलगद उचलतं. तुमच्या लेकराचा डावा हात बहुतेक हेच करेल. मग तुम्ही डावा हात बांधायचा नाही, नुसता त्यात एक वाटी द्या म्हणजे तो गुंतेल. आता उजव्याकडं बघा. तो तुकड्याकडं निघतो का? निघाला तर बोटं आधी उघडतात की मूठ तशीच जाऊन आदळते? अंगठा बाहेर आहे की मुठीच्या आत दडलेला? मनगट खाली वाकलंय का? मग दोन्ही हातांत एकेक चमचा द्या आणि तुम्ही तुमचे चमचे वाजवा. ते दोन्ही हात पुढं आणून वाजवतं का, की उजव्यातला चमचा गळून पडतो? बसलेलं असताना खेळता खेळता खांद्याला धरून त्याला हळूच उजवीकडं कलतं करा. सावरायला उजवा तळहात जमिनीवर टेकतो का? उभं असताना उजवी टाच जमिनीला लागते की चवड्यावरच उभं असतं? हे सगळं मालकांच्या मोबाइलवर काढून घ्या. दवाखान्यात अनोळखी माणसं बघून लेकरं मूठच उघडत नाहीत, तेव्हा हे दोन मिनिटांचं चित्रण डॉक्टरांच्या फार कामी येतं.

पुस्तकात याला मनोकारक विकास म्हणतात. शब्द जड आहे, पण जोडशब्द आहे हे बरं आहे. भाकरी हवीशी वाटणं हे मनाचं आणि तिच्यापर्यंत हात नेणं हे अंगाचं, आणि लेकराच्या पहिल्या दोन वर्षांत या दोन्हींची वाट एकच असते. वाढही वरून खाली उतरत येते. आधी मान धरतं, मग पालथं पडतं, मग पाठ ताठ होऊन बसतं, शेवटी पाय. हातातही आधी खांदा, मग कोपर, बोटांची चिमूट सर्वांत शेवटी. आपण मात्र सगळा हिशेब शेवटच्या एका पायरीवर लावतो. चाललं का? नाही? मग टॉनिक.

काय असू शकेल ते सांगते, पण पत्रावरून निदान होत नाही हे आधी लक्षात घ्या. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या भागातून चालते. फार आधी जन्मलेल्या लेकराच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या कागदासारख्या नाजूक असतात. जन्माच्या आसपास तिथं रक्त साकळलं किंवा रक्त कमी पोचलं तर तेवढ्या भागाला इजा होते आणि पुढं त्या बाजूचा हात-पाय ताठरतो. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, एकाच बाजूला असेल तर हेमिप्लेजिया. नाव ऐकून हबकू नका. ही इजा झाली तेवढीच असते, पसरत नाही. एका बाजूचा त्रास असलेली जवळपास सगळी लेकरं चालतात, थोडी उशिरा, कधी पायात आधाराचा प्लास्टिकचा बूट घालून. त्यातली कितीतरी शाळेत इतरांसारखी शिकतात. तुमच्या "चालेल का"चं उत्तर माझ्याकडून असं: हे हेमिप्लेजिया असलं तरी चालण्याची आशा भक्कम आहे. हाताचं काम जास्त चिवट असतं, आणि तेच लवकर सुरू करावं लागतं. दुसरीही शक्यता आहे. बाळंतपणात खांद्यापाशी नस ताणली गेली असली तरी हात लुळा राहतो, पण त्यात पाय ओढत नाही. म्हणून नीट तपासणी हवी.

घाई का करते आहे, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एक आई दहा महिन्यांचं लेकरू घेऊन माझ्याकडं आली होती, तक्रार हीच. मी हसून म्हटलं, असेल डावखुरं, राहू द्या. तीन वर्षांनी ती परत आली तेव्हा लेकराचं मनगट आत वळून घट्ट झालं होतं आणि हात खिशात लपवायची सवय लागली होती. मेंदूतली इजा वाढली नव्हती. न वापरलेले स्नायू आखडले होते. लहान मेंदू नवीन वाटा फार पटकन पाडतो, पण ज्या वाटेनं कोणी जातच नाही ती त्याला पाडता येत नाही. तेव्हापासून वर्षाच्या आतलं "डावखुरं" ऐकलं की मी खुर्चीत ताठ बसते.

हात गुंडाळणं आजपासून बंद. गंमत अशी की चांगला हात काही वेळ मोजा घालून थोपवायचा आणि दुसऱ्याला कामाला लावायचं असा उपचार खरंच आहे. पण तो व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट ठरवतात तेवढाच वेळ, खेळाच्या नादात करायचा असतो, भुकेल्या लेकराच्या ताटापुढं नाही. घासाशी रडणं जोडलं गेलं तर उजवा हात त्याला शत्रूच वाटेल. तोवर तुम्ही दोन हात लागतील अशा वस्तू द्या: मोठा चेंडू, रिकामा तांब्या, झाकणाचा डबा, कणकेचा गोळा. गोळ्यात त्याचा उजवा तळवा उघडून हळू दाबा, त्याला हसू येईल असं करा. त्याच्या उजव्या बाजूला बसून बोला. झोळीची दिशा बदला म्हणजे दार, माणसं, उजेड उजवीकडं येतील. मूठ उघडायची तर बोटं ओढू नका. मनगट थोडं खाली वाकवलं की बोटं आपोआप सैल पडतात. मालीश रोजची चालू राहू द्या, फक्त सांधे मोडल्यासारखे ओढणं आणि शेगडीचा शेक नको. कोणी बिब्बा घालायला सांगेल, डाग द्यायला सांगेल, त्यांना दारातूनच राम राम.

जाऊबाईंचा वॉकरही नको. त्या चाकांच्या खुर्चीत लेकरू चवड्यांवर ढकलतं, टाच टेकतच नाही, आणि ज्याची टाच आधीच उचलली जात असेल त्याची पोटरी आणखी आखडते. तोल सांभाळायला ते शिकत नाही, कारण खुर्ची सांभाळते. ओट्यावरून वॉकरसकट पडलेली लेकरं मी पाहिलीत. कॅनडात २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. आपला सुताराकडचा पांगुळगाडा त्याहून कितीतरी शहाणा. त्यात लेकरू स्वतःच्या पायांवर उभं असतं आणि दांडी दोन्ही हातांनी धरावी लागते. पण तोही तपासणी झाल्यावर, आणि पळू नये म्हणून त्यात दोन विटा ठेवून.

टॉनिकची चौथी बाटली आणू नका. त्याऐवजी रक्त, थायरॉइड, गरज वाटली तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसांआधी जन्मलेल्या लेकरांत रक्त कमी असणं नेहमीचं. ते सुधारलं की लेकराला तरतरी येते. पेटीत राहिलेल्या लेकराचे कान आणि डोळेही तपासून घ्यावे लागतात. ते झालेत का, हे सुटीच्या कार्डावर लिहिलेलं असेल. आणि मधेच कधी झटका आला, डोळे फिरले, किंवा आज येत असलेली एखादी गोष्ट, "मामा" म्हणणं, बसणं, ती करायचं बंद झालं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी न्यायचं.

इतर आयांसाठी एक आडवाट. चार-पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढतो आणि पोटऱ्या पैलवानासारख्या टणक दिसतात, तर त्याला आळशी म्हणू नका. स्नायूंचा आजार आहे का बघायला सीपीके नावाची रक्ततपासणी लागते. आणि शाळेतलं ते पोर, सगळं समजतं पण गुंड्या लागत नाहीत, डबा सांडतो, अक्षर ओळ सोडून जातं, त्याला "वेंधळा" म्हणून छड्या मिळतात. हालचालींचा मेळ न बसणं ही नाव असलेली अडचण आहे, सरावानं सुधारते. छडीनं सुधारल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता तुमच्या काळजातला प्रश्न. ग्रहणात विळी धरल्यानं काहीही होत नाही, ते शेजारणींना परत करा. मोळ्यांचं मात्र खोटं सांगणार नाही. गरोदरपणात जड ओझं आणि उभ्यानं तासन् तास काम याचा दिवसांआधी होणाऱ्या बाळंतपणाशी संबंध असतो. पण तुमच्या लेकराच्या बाबतीत तेच कारण होतं असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. रोज पोटापाण्याला राबणाऱ्या हजारो बायका पूर्ण दिवसांनी बाळंत होतात आणि पलंगावर आराम करणाऱ्याही आधी होतात. शिवाय तुम्ही काही हौसेनं मोळी उचलली नव्हती. उचल घेतली होती म्हणून मोळी उचलावी लागली. यात दोष कोणाचा याची यादी करायची झाली तर तुमचं नाव त्यात बरंच खाली येईल, ताई.

कुठं जायचं? अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झालेला हा कार्यक्रम. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधली वाढीतली दिरंगाईही तो तपासतो. पण गाडी येते तेव्हा लेकरू गावात असेलच असं नाही, तुमच्यासारख्यांची तर हमखास चुकामूक होते. म्हणून गाडीची वाट बघू नका. आशाताईला सांगा. पंधराव्या महिन्याची घरभेट तिच्या कामातच आहे, झाली नसेल तर हक्कानं बोलवा आणि तिच्याकडून चिठ्ठी घ्या. जिल्हा रुग्णालयात जाऊन डीईआयसी विचारा, म्हणजे लहान मुलांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. अंबाजोगाई जवळ पडत असेल तर तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात जा. तिथं "लेकरू चालत नाही" असं सुरू करू नका, नाहीतर "अजून वय आहे" म्हणून परत पाठवतील, आणि ते चूकही नसेल. असं म्हणा: "दोन महिने आधी झालं, पेटीत होतं, उजवा हात वापरत नाही, उजवा पाय ओढतं." निदान झालं तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, निरामय आरोग्य विमा ही कागदपत्रं पुढच्या पत्रात सविस्तर सांगेन. आज त्यात अडकू नका.

राहिला हंगाम. तुम्हाला "जाऊ नका" असं लिहिणं मला सोपं आहे, उचल फेडायला मी येणार नाही. पण दिवाळीला अजून तीन महिने आहेत आणि या तीन महिन्यांत व्यायाम बसवता येतो. लेकरू आत्याबाईंपाशी राहणार असेल तर खरा थेरपिस्ट त्याच होणार, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनाच बरोबर न्या. थेरपिस्टला सांगा, आईला नका शिकवू, आजीला शिकवा, आणि शिकवताना मोबाइलवर काढून घ्या. लेकरू तुमच्याबरोबर फडावर येणार असेल तर जाण्याआधी त्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहून घ्या. फडावरच्या कोपीत, त्या एवढ्याशा झोपडीत जागा नसते, पण कणकेचा गोळा आणि दोन चमचे तिथंही असतात.

येत्या सोमवारची पहिली एसटी पकडा, तुम्हा दोघींनाही अर्धं तिकीट आहे. पिशवीत पेटीच्या वेळचं सुटीचं कार्ड, माता-बाल पुस्तिका, लेकराचे एक जोडी कपडे आणि फडक्यात बांधलेली भाकरी. लेकरू आत्याबाईंच्या मांडीवर असं बसवा की खिडकी त्याच्या उजव्या हाताला येईल. आणि मला लिहा, भाकरीच्या तुकड्याजवळ पोचल्यावर अंगठा कुठं होता.